पहिली टाकी, पहिले मासे: कुणाचं कुणाशी जमतं

दुकानातल्या मोठ्या टाकीत एंजल, निऑन, गप्पी आणि काचेला चिकटलेला एखादा सकर असे सगळे गुण्यागोविंदानं पोहताना दिसतात. ते बघून वाटतं, घरीही हे असंच चालेल. पण दुकानातला मासा तिथं थोड्या दिवसांचा पाहुणा असतो आणि वयानं पोर असतो. हद्द राखायचं, जोडीदारासाठी भांडायचं, शेजाऱ्याला गिळायचं त्याचं वय अजून यायचं असतं. ते वय आपल्या घरी आल्यावर येतं.

माझ्या पहिल्या टाकीचं असंच झालं. कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहत होतो. दोन फुटी टाकी घेतली आणि त्याच रविवारी आठ निऑन, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि एक सकर असे सगळे एकदम सोडले. पहिल्या आठवड्यात तीन निऑन गेले, कारण टाकी तयार नव्हती. उरलेले पाच पुढच्या चार महिन्यांत एकेक करून नाहीसे झाले. एंजल मोठे झाले होते, त्यांनी ते खाल्ले. मग एका गोल्डफिशच्या अंगावरचे खवले निघालेले दिसले. रात्री दिवा लावून बघितलं तर सकर त्याच्या कुशीला चिकटून बसलेला. त्या माशांपैकी एकाचाही यात काही दोष नव्हता. एंजल एंजलसारखा वागला, सकर सकरसारखा. त्यांना एका पेटीत मी कोंबलं होतं, आणि ती हळहळ अजून जात नाही. म्हणूनच नव्यानं टाकी घेणाऱ्याला मी सांगतो की माशांची यादी घरी, कागदावर करायची. दुकानात फक्त खरेदी करायची.

पायरी १: आधी घरचं पाणी ओळखा

टाकीच्या आधी पाणी. आपल्या शहरात नळाला येतं ते नदीचं पाणी, पंचगंगेचं आणि आता काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनमधून दूधगंगेचंही. नदीचं हे पाणी साधारणपणे मऊ असतं. उपनगरांत आणि बऱ्याच अपार्टमेंटमध्ये मात्र बोअरचं पाणी वापरतात, किंवा वरच्या टाकीत दोन्ही मिसळलेली असतात. काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बरंच जड असू शकतं. बादलीच्या काठाला पांढरा पट्टा धरतो का, गिझरच्या कॉईलवर थर बसतो का, साबणाला फेस येतो का, हे आईला किंवा आजीला विचारा. घरात सगळ्यांत आधी त्यांनाच हे कळलेलं असतं.

नेमकं बघायचं तर टीडीएस मीटर मिळतो. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला येतात त्यांच्या खिशातही असतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं काही, निव्वळ जडपणा नव्हे, पण अंदाज बांधायला पुरतो. आकडा १५० च्या आत असेल तर पाणी मऊ समजा, ३०० च्या वर असेल तर जड. सोबत पीएचची पट्टी घ्या, पाणी आम्लधर्मी आहे का अल्कधर्मी ते तिच्यावरून कळतं. ही दोन्ही मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक निर्णयाला ती लागतात.

या पाण्यात जो सुखानं जगेल तो मासा निवडायचा. माशासाठी पाणी बदलत बसायचं नाही. पाणी आम्लधर्मी करायच्या बाटल्या दुकानात मिळतात. नवखा माणूस त्या आज घालतो, दोन दिवसांनी पीएच परत वर जातो, तो पुन्हा घालतो. या चढउतारानं जितके मासे जातात, तितके थोड्या जास्त पीएचनं जात नाहीत. नुसतं आरओचं पाणीही टाकीत भरू नका, त्यात माशाला लागणारे क्षार उरलेले नसतात.

आणि क्लोरीन. नळाचं पाणी थेट टाकीत कधीच नाही. बादलीत भरून एअर पंपाचा दगड सोडून २४ तास ठेवा, नाहीतर दुकानात अँटी-क्लोरीन किंवा हायपो म्हणून मिळतं ते सांगितलेल्या मात्रेत घाला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर ते पिंपात भरून, तोंड उघडं ठेवून दोन दिवस राहू द्यावं आणि मगच वापरावं.

पायरी २: टाकी इंचात विकतात, मासे लिटरवर जगतात

लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ नं भागा. येतात ते लिटर. २४ बाय १२ बाय १२ ची टाकी म्हणजे साधारण ५७ लिटर. खडे, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की हातात ४५ ते ४८ लिटर पाणी उरतं. ३६ बाय १५ बाय १८ ची टाकी १५९ लिटरची दिसते, प्रत्यक्षात १३५ च्या आसपास भरते.

एकटा फायटर ठेवायचा असेल तेवढं सोडून, पहिली टाकी दोन फुटांपेक्षा लहान घेऊ नका. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी कमी असलं की चूक लगेच भोवते. एक मासा मेलेला कळला नाही तर दहा लिटरची टाकी एका रात्रीत नासते, ५० लिटरची सावरते. काचेचा गोल बाऊल तर शोभेच्या फुलांसाठीच बरा.

उंचीपेक्षा लांबी बघा. मासा आडवा पोहतो, आणि हवेतला प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. अरुंद, उंच टाकी दिवाणखान्यात देखणी दिसते, पण तिच्यात कमी मासे मावतात.

पायरी ३: महिनाभर रिकामी टाकी चालू ठेवा

इथंच सगळ्यांचा धीर सुटतो. घरातली पोरं रोज विचारतात, "मासे कधी आणायचे?" तरी थांबा.

माशाच्या विष्ठेतून, लघवीतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो माशाला विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर काही जिवाणू वाढतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानानं सौम्य, आठवड्याला पाणी बदललं की ते कमी होतं. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. काम निम्म्या वेळात होतं. दुधाला विरजण लावल्यासारखंच आहे ते.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी इथं जास्त सावध राहायचं. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे किटमध्ये रंग तोच, पण दहापट घातक.

पायरी ४: जोड लावताना काय बघायचं

तालमीत वस्ताद जोड लावताना आधी अंगापिंडानं बघतो. टाकीतही पहिला प्रश्न तोच, हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होणार? बोटाएवढा सकर ४० सेंटिमीटरच्या पुढं जातो. सिल्व्हर शार्क ३० सेंटिमीटर ओलांडतो आणि त्याला कळप लागतो. ऑस्करही तेवढाच होतो. छोटा शार्क म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू पुष्कळदा पंगॅशियस असतं, तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवला जाणारा मासा आहे, निसर्गात एक मीटरच्याही पुढं वाढतो. अरोवाना सुद्धा तसाच. यातला एकही दोन किंवा तीन फुटी टाकीचा मासा नाही. "टाकीच्या मापानं मासा वाढतो" असं सांगणारे भेटतात. ते ऐकू नका. तसा मासा खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो.

मापाचा दुसरा अर्थ तोंडाशी आहे. ज्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाद्य. एंजल दिसायला शांत, पण मूळ नदीत तो लहान मासेही खातो. निऑन त्याच्या तोंडात बरोबर बसतो.

मग स्वभाव. टायगर बार्ब चपळ आणि खोडकर. लांब पर दिसले की तो ते कुरतडतो, त्यामुळं एंजल, फायटर, गप्पी, लांब शेपटीचा गोल्डफिश यांच्याजवळ त्याला ठेवू नका. सर्पे टेट्राचं तेच. ब्लॅक विडोलाही ती सवय थोडी असते. या खोड्या काढणाऱ्यांना आठ-दहांच्या संख्येत ठेवलं तर त्यांची भांडणं आपसांत राहतात. दोन-तीनच असले की ते दुसऱ्यांच्या मागं लागतात. फायटर नराचं वैर दुसऱ्या फायटर नराशी असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रंगीत, मोठ्या शेपटीचा गप्पी नर दिसला तरी त्याला तो प्रतिस्पर्धीच वाटतो. गुरामी त्याचा लांबचा भाऊबंद, त्याच्याशीही जमत नाही. फ्लॉवरहॉर्न कुणालाच सहन करत नाही. तो एकट्यानं, मोठ्या टाकीतच.

उलट काही मासे एकटे ठेवले की झुरतात. निऑन, झेब्रा डॅनियो, चेरी बार्ब, तळाला फिरणारा कोरी, हे कळपातले मासे. किमान सहा, आठ असतील तर उत्तम. "प्रत्येकी दोन-दोन द्या, व्हरायटी दिसते" असं म्हणून सहा जातींचे बारा मासे घेणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. दोन निऑन कोपऱ्यात लपून फिके पडतात. तेच आठ एकत्र आले की अंगावरची निळी रेघ चमकायला लागते.

तिसरी गोष्ट तापमान. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, १८ ते २२ अंशांत खूष. एंजल, गुरामी, फायटर यांना २५ ते २८ लागतात. एका टाकीत दोघांपैकी एक कायम त्रासात राहणार. कोल्हापूरची थंडी तशी बेताची, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा १४-१५ अंशांवर येते आणि हिटर नसलेल्या टाकीचं पाणी २०-२१ वर उतरतं. याच दिवसांत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी ३० च्या वर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात गर्दीची टाकी आधी कोसळते. हिटर घेताना लिटरमागं एक वॉट धरा, आणि तो आपोआप बंद-चालू होणारा असू द्या.

चौथी गोष्ट मजल्यांची. टाकीतही वरचा, मधला आणि तळमजला असतो. डॅनियो वरच्या पाण्यात धावतो, टेट्रा आणि बार्ब मध्ये, कोरी तळाला. तीन मजल्यांवर तीन कुटुंबं ठेवली तर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कोरीला मिशा असतात, त्या धारदार खड्यांनी झिजतात, त्याच्यासाठी गुळगुळीत बारीक वाळू घाला. तळाचा मासा उरलंसुरलं खाऊन जगतो ही समजूतही सोडा. त्याला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात.

गोल्डफिशबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडं तो वास्तूसाठी घेतात, आठ लाल आणि एक काळा. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगतो, नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत जगू शकत नाहीत. फुगीर जातीचा एकेक गोल्डफिशही हातभर नाही तरी वीतभर होतो, आणि घाण पुष्कळ करतो. त्याला माणशी म्हणावं तसं ४० लिटर तरी पाणी हवं. घरात शुभ म्हणून आणलेला जीव महिन्याभरात पाठीवर तरंगताना बघणं कुणालाच नको असतं. तेव्हा तीन फुटी टाकीत दोन-तीन फुगीर गोल्डफिश, आणि सोबत दुसरं कुणीही नाही.

पायरी ५: कागदावर कुटुंब मांडा

मला विचाराल तर सुरुवातीला यातली एकच रचना घ्या, आणि वर्षभर तिच्यातच रमा.

घरचं पाणी जड असेल, बोअरचं असेल, तर पिल्लं देणारे मासे घ्या: गप्पी, प्लॅटी, मॉली. ते अशा पाण्यात फुलतात. दोन फुटी टाकीत आठ गप्पी नर पुरेसे. रंग तर नरांनाच असतो. मादी घेतली तर एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर तिला दमवून मारतो. आणि मग दर महिन्याला पिल्लं येणार हे धरून चाला. मादी नराचं बीज काही महिने पोटात साठवून ठेवते, त्यामुळं नुसत्या माद्या आणल्या तरी पिल्लं होतात. मॉली अंगानं मोठी, तिला तीन फुटी टाकी बरी.

पाणी मऊ असेल, नळाचं असेल आणि हिटर घ्यायचा नसेल, तर दोन फुटी टाकीत आठ झेब्रा डॅनियो आणि सहा पेपर्ड कोरी. डॅनियो मूळचा आपल्याच देशातला, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आणि कोल्हापूरची थंडी त्याला सहज मानवते. नवख्याला याहून प्रेमळ मासा मला माहीत नाही. सकाळी दिवा लावला की सगळे धावत वर येतात. फक्त मे महिन्यात टाकीचं झाकण थोडं उघडं ठेवून वर जाळी टाका आणि बारीक पंखा पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. डॅनियो उडी मारतो, जाळी विसरू नका.

हिटर असेल आणि टाकी तीन फुटी असेल, तर माझी सर्वांत आवडती रचना अशी: एक नर आणि दोन माद्या पर्ल गुरामी, दहा चेरी बार्ब, सहा कोरी, आणि भरपूर झाडं. पर्ल गुरामीच्या अंगावर मोत्यांची नक्षी असते, स्वभाव सोशिक. चेरी बार्ब हा टायगरच्या घराण्यातला असूनही गरीब. संध्याकाळी दिवा मंद केल्यावर नर लालबुंद होतात.

आणि जागा किंवा पैसा कमी असेल तर एकच फायटर, २० लिटरच्या टाकीत, हिटर आणि मंद स्पंज फिल्टर लावून. तो माणसाला ओळखायला लागतो. एकटा म्हणजे बिचारा नव्हे, त्याला एकटंच आवडतं.

पायरी ६: दुकानात

वही घेऊन जा. लक्ष्मीपुरीकडं बाजाराला जाता जाता घेऊन येऊ, असं करू नका. बाजाराच्या पिशवीबरोबर मासे उन्हात फिरतात. मासे आणायचा दिवस फक्त माशांचाच.

आधी दहा मिनिटं नुसतं बघा. ज्या टाकीत एखादा मासा मेलेला आहे, त्यातला दुसराही घेऊ नका, कितीही सुंदर असो. पर मिटून बसलेला, अंग खड्यांवर घासणारा, पोट आत गेलेला, वर तोंड काढून धापा टाकणारा मासा नको. (गुरामी आणि फायटर मात्र वर येऊन हवेचा घोट घेतातच, त्यांच्या डोक्यात त्यासाठी वेगळं इंद्रिय असतं.) दुकानदाराला म्हणा, "दादा, जरा खाणं टाकून दाखवता का?" चांगला दुकानदार लगेच टाकतो. दुकानातलं पाणी बोअरचं आहे का नळाचं, हेही त्याला विचारा.

भडक गुलाबी, पोपटी, निळ्या रंगाचे काचेसारखे मासे दिसतील. पारदर्शक ग्लास फिशला किंवा फिक्या विडो टेट्राला सुईनं टोचून किंवा रंगात बुडवून असं रंगवतात. तो रंग काही महिन्यांत उडतो, आणि त्या त्रासातून वाचलेला मासा सहज आजारी पडतो. ते विकत घेऊ नका. कुणी घेतलेच नाहीत तर कुणी रंगवणार नाही.

"घ्या हो साहेब, कायबी हुत नाही, सगळं चालतंय" असं कानावर पडेल. बोलणारा मनानं वाईट नसतो, त्याला दिवसाला शंभर गिऱ्हाईकं असतात. तुम्ही वही उघडा आणि लिहिलंय तेवढंच मागा. पिशवी बांधताना एक प्रश्न जरूर विचारा: जमलं नाही तर मासा परत घ्याल का? पैसे नकोत, नुसता मासा परत घेणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडंच कायमचे जा.

पायरी ७: घरी आणल्यावर

सगळी यादी एकदम आणायची नाही. पहिल्या दिवशी सहा डॅनियो, दोन आठवड्यांनी कोरी, असं. जिवाणूंची वस्ती वाढलेल्या माशांना पुरायला वेळ लागतो. हद्द राखणारा मासा, उदाहरणार्थ गुरामी, सर्वांत शेवटी सोडा. आधी आला तर सगळी टाकी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्यांना हाकलतो.

जमत असेल तर नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, स्पंज फिल्टर लावून. पहिली बॅच सोडून पुढच्या प्रत्येक बॅचला हे करावंच. जाळीही वेगळी ठेवा. मी एकदा घाईत चार बार्ब थेट सोडले आणि पांढरे ठिपके सगळ्या टाकीभर पसरले.

टाकीचा दिवा बंद करा. पिशवी तोंड बांधूनच २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान सारखं होतं. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी पिशवीत घाला, पाच-सहा वेळा. शेवटी मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी खाणं नाही.

पहिला आठवडा रोज संध्याकाळी पाव तास टाकीसमोर बसा. थोडा पाठलाग चालतो, नव्या घरात जागा ठरवताना होतोच. पण एकच मासा सारखा कोपऱ्यात दबलेला दिसला, त्याचे पर फाटले, तो खायला येईनासा झाला, तर वाट बघू नका. दगड आणि झाडांच्या जागा बदला, हद्दी मोडतात. कळपातला मासा त्रास देत असेल तर त्याची संख्या वाढवायची, अर्थात टाकीत जागा असेल तर. तरीही नाही जमलं तर त्रास देणाऱ्याला बाहेर काढा. मार खाणाऱ्याला काढलं तर मारणारा दुसरा शोधतो.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर महिनाभर जपलेले जिवाणू क्लोरीननं मरतात.

वीज गेली, पूर आला तर

हे बाहेरगावच्या कुणी लिहिलेल्या माहितीत सापडत नाही, पण कोल्हापूरकराला विसरून चालत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती, आणि उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं नळाला पाणीही नव्हतं. त्या दिवसांत ज्यांच्या टाक्या वाचल्या, त्यांच्या टाक्यांत मासे कमी होते. याद्या छोट्या ठेवायचं माझं म्हणणं त्यातूनच आलं आहे.

जुलै उजाडला की बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा आणि एक पिंप भरलेलं असू द्या. वीज गेली की खाणं पूर्ण बंद. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, पण न खाल्लेलं खाद्य कुजून पाणी नासवतं. पंपही नसेल तर दर तासा-दोन तासांनी तांब्यानं पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता. स्पंज फिल्टर बंद पडला तर तो पाण्यातच राहू द्या. बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला तर वीज आल्यावर तसाच चालू करू नका, आतलं सडकं पाणी ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मग लावा. गुरामी आणि फायटर हवा घेऊ शकतात म्हणून अशा वेळी तग धरतात, डॅनियोही बराच चिवट. वीज वारंवार जाणाऱ्या भागात राहत असाल तर यादी करताना हेही धरा.

नको झालेले मासे

नको झालेला मासा रंकाळा तलावात सोडायचा नाही, कळंबा तलावात नाही, पंचगंगेत तर मुळीच नाही. "बिचाऱ्याला मोकळं सोडतो" अशा दयेनंच हे होतं, पण घरात वाढलेला मासा बाहेर एक तर मरतो, नाहीतर जगून तिथल्यांना मारतो. सकर तर देशात कितीतरी तळ्या-नद्यांत पसरला आहे, कोळ्यांची जाळी फाडतो, देशी माशांचं खाणं आणि अंडी खातो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्यांत जगात दुसरीकडं कुठं नाहीत असे मासे आहेत. डासांसाठी गप्पी सोडतात, हे खरं. पण तो आरोग्य खात्याचा उपाय साठलेल्या पाण्यासाठी आहे. ओढ्यात आपण आपले गप्पी नेऊन सोडणं वेगळं.

गप्पीची पिल्लं वाढली तर अंगठ्याच्या नखाएवढी होईपर्यंत वेगळ्या टबात वाढवा आणि दुकानात घेऊन जा. बरेच दुकानदार ती घेऊन बदल्यात खाद्याचा एखादा डबा देतात. मोठा झालेला सकर किंवा शार्क असेल तर आधी फोन करा, फोटो आणि माप पाठवा. कुणाकडं तरी सहा फुटी टाकी असते. नेताना मासा पातळ पिशवीत घालू नका, काटे पिशवी फाडतात. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, निम्मा पाण्यानं भरा, आणि ऊन चढायच्या आत निघा.